धरून ठेवलेली खुर्ची

त्या दिवशी मी फक्त एक भांडं परत करायला निघाले होते.

आमच्याकडे चर्चच्या जेवणाला प्रत्येक बाई घरून भांडं भरून आणते आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर स्वतःचं नाव लिहिते. तरी जेवण आटोपलं की भांडी गावभर भटकतात. माझ्या ओट्यावर आलेलं काचेचं भांडं माझ्या सासूचं, आर्डिसचं होतं. ते कितीतरी दिवस माझ्याकडे बघत बसलं होतं. आर्डिस मागणार नाही, पण तिच्या न मागण्याचा आवाज फार मोठा असतो. शेवटी एका दुपारी मी दीड वर्षाच्या विनीला टोपी घातली, आर्डिसनेच विणलेले पिवळे हातमोजे घातले, गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधलं आणि निघाले.

विनी सकाळपासून जराशी खोकत होती. तुम्ही म्हणाल, मग बाहेर काढलीस कशाला? मीही रोज तेच म्हणते.

खरं म्हणजे माझा माझ्यावर विश्वास उरला नव्हता. त्याआधी काही महिने विनीच्या लंगोटात लाल दिसलं म्हणून मी किंचाळत तिला हॉस्पिटलात नेलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “काल काय खाल्लं हिने?” बीट. बीट खाल्लं होतं. मग आलेल्या बिलाबद्दल मी काही लिहीत नाही. आमच्या घरात तेव्हापासून ‘बीट’ हा एक स्वतंत्र विनोद आहे. मी फार घाबरले की क्लेटन, माझा नवरा, हळूच म्हणतो, “बीट तर नव्हे?” आणि मी हसते. त्यामुळे त्या सकाळी खोकला ऐकून मी स्वतःलाच म्हणाले, बीट असेल, मार्नी. गप्प बस.

आमचा पश्चिम कॅन्सस म्हणजे पट्टीने आखल्यासारखे रस्ते आणि दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं. लपायला कुठे जागा नाही, म्हणून वारा जीव घेतो. निघाले तेव्हा आभाळ नुसतं करडं होतं. अर्ध्या वाटेवर बर्फ सुरू झाला. वरून पडणारा बर्फ मला चालतो. हा आडवा येत होता. बघता बघता शेत, कुंपण, रस्ता सगळं एकाच रंगाचं झालं. अंधारात निदान दिव्याचा उजेड पुढे जातो. या पांढऱ्यात दिवा लावला की उजेड भिंतीवर आपटून परत तोंडावर येतो.

आणि मागून विनी खोकली.

तो खोकला माणसाचा नव्हता. शेतापलीकडे कोल्हा भुंकावा तसा कोरडा आणि पोकळ होता. मग तिने श्वास आत ओढला आणि गंजलेली बिजागरी फिरावी तसा आवाज आला. मी गाडी कडेला घेतली, मागे वळले. तिच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत खेचला जात होता. ती रडत नव्हती. रडायलाही हवा लागते.

क्लेटन धान्याच्या कोठारावर कामाला आहे. मी त्याला फोन लावला.

“विनीला श्वास घेता येत नाहीये.”

“खोकतेय ना? सकाळी पण तर…”

“सकाळचा नव्हे हा. ऐक.” मी फोन मागे धरला.

तो ‘बीट’ म्हणाला नाही. त्यावरून मला कळलं की मी चुकत नव्हते.

“अँब्युलन्स बोलव,” तो म्हणाला.

“या बर्फात? ती येईस्तोवर…”

“मग पश्चिमेचं हॉस्पिटल. जवळ आहे ते.”

“ते आपल्या कार्डात बसत नाही, क्लेटन.”

आमचं विम्याचं कार्ड ठरावीक हॉस्पिटलांतच चालतं. जवळचं चालत नव्हतं. चालणारं पूर्वेला, चांगल्या हवेत तासाभराच्या वाटेवर. फोनवर आम्ही दोघं गप्प झालो. आमच्या देशात नवरा-बायको अशा वेळी असेच गप्प होतात. दोघांच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो आणि तो आधी कोणी तोंडाने बोलायचा याची दोघं वाट बघतात.

“पूर्वेचं,” मीच म्हणाले. “जमेल. हळूहळू जाते.”

“मार्नी…”

तेवढ्यात फोन तुटला. पडद्यावर सिग्नलची एकही रेघ नव्हती. कॉलेज शिकलेल्या, बाळाच्या शिंकेवरही चार-चार लेख वाचणाऱ्या मी गाडी जवळच्या हॉस्पिटलकडे पाठ करून वळवली.

किती वेळ गेला, कळलं नाही. मी विनीच्या श्वासावर गाडी चालवत होते. बिजागरी वाजली की पुढे जायचं, वाजली नाही की मान वळवायची. एकदा वाजलीच नाही. मी ओरडले, “विनी!” तेव्हा ती बारीक कुरकुरली. आरशात तिच्या ओठांचा रंग बदललेला दिसला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही.

तेव्हा मला पाटी दिसली.

निळी चौकोनी पाटी, तिच्यावर पांढरं ‘एच’ आणि खाली बाण. इथल्या माणसाला हॉस्पिटलच्या त्या पाटीचा अर्थ झोपेतही कळतो. मी विचार केला नाही. लहानपणी हात मोडला होता तेव्हा बाबांनी याच बाणाला गाडी वळवली होती. माझा जन्मही तिथलाच. गाडी आपोआप वळली. आमचं ते जुनं हॉस्पिटल बंद होऊन दोन हिवाळे झाले होते, हे त्या क्षणी मला आठवलंच नाही. माझ्यावर विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मीही कधी ठेवते, कधी नाही.

दारावरचा दिवा पेटलेला होता.

मी विनीला कोटात गुंडाळून आत धावले. आत ऊब होती. फरशीच्या पॉलिशचा, फार वेळ तापत ठेवलेल्या कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. बसायच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि त्यांच्यावर माणसं. अंगात कोट, मांडीवर हात. कोणी बोलत नव्हतं, कोणाच्या हातात फोन नव्हता. जबड्याभोवती रुमाल बांधलेली एक तरुण बाई होती. एक लठ्ठ माणूस एक पाय पुढे ठेवून बसला होता आणि त्या पायात बूट नव्हता. सगळे दाराकडे बघत होते. म्हणजे माझ्याकडे.

“माझ्या मुलीला…” मी म्हणाले. मी विनीला पुढे धरलं.

सगळे एकदम उठून उभे राहिले. चर्चमध्ये उठतात तसे.

“हिला आधी जाऊ द्या,” रुमालवाली म्हणाली. ओठ जेमतेम हलले.

“पण तुम्ही आधीपासून…”

“आम्ही थांबतो, पोरी,” कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला. “आम्हाला थांबायची सवय आहे.”

माझ्या खांद्यावरची पिशवी घसरत होती. त्याच्या शेजारी लहान मुलांची लाल खुर्ची रिकामी होती. तिच्यावर पिशवी टाकायला मी वाकले.

“तिथं नको.” त्याने हात आडवा धरला. “ती धरलेली आहे.”

आमच्याकडे जागा धरायची तर खुर्चीवर काहीतरी टाकतात. शाळेच्या सामन्याला, चर्चच्या जेवणाला, कुठेही. कोट, टोपी, हातमोजा. या खुर्चीवर काहीच नव्हतं.

मी मान वर केली आणि म्हाताऱ्याला ओळखलं. चाऱ्याच्या दुकानाचा एल्डन ड्रायलिंग. गावातला सगळ्यांत मोठा आवाज. चर्चच्या जेवणाला कोबी-खिम्याचे पाव खाता खाता टेबलावर मूठ आपटून म्हणायचा, “औषधपाणी हा काय हक्क आहे? ज्याचं त्याने बघावं!” शुक्रवारी त्याच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा तो म्हणाला होता, सोमवारी बघू, आता कशाला तासभर जायचं. सोमवार त्याने पाहिला नाही. त्याच्या मयताला बटाट्याचं भांडं मीच नेलं होतं.

मग मला दिसलं. विनीच्या टोपीवरचा बर्फ वितळून माझ्या मनगटावरून ओघळत होता. एल्डनच्या खांद्यावर बर्फ होता. रुमालवालीच्या केसांत होता. लठ्ठ माणसाच्या उघड्या पायावर होता. इतक्या उबेत तो वितळत नव्हता.

भुताला घाबरायला एक तरी हात मोकळा लागतो. माझे दोन्ही भरलेले होते.

आतलं दार उघडलं. पांढऱ्या केसांची नर्स, अंगात करडा स्वेटर, चालताना बुटांचा चुईंचुईं आवाज.

“आण इकडे.”

मी एका हाताने पाकीट उघडायला लागले. “कार्ड… थांबा हं, कार्ड आहे माझ्याकडे… तुमच्याकडे चालतं की नाही, माहीत नाही, पण…”

“ते आत ठेव.” तिने विनीला माझ्याकडून घेतलंही होतं. “त्याने श्वास घेता येतो का?”

तिने विनीला माझ्या मांडीवर सरळ बसवलं, तोंडाशी मास्क धरला. मास्कमधून औषधाची गार वाफ यायला लागली. विनी हात झाडायला लागली.

“घाबरली की गळा आणखी आवळतो. गाणं म्हण.”

“मला येत नाही.”

“आईला गाणं येत नाही असं नसतं. सूर येत नाही, एवढंच. म्हण.”

मी म्हटलं. काय म्हटलं, आठवत नाही. खोलीत माझा बेसूर आवाज, वाफेची सळसळ आणि ती बिजागरी. दाराच्या काचेपलीकडे ते सगळे अजून उभेच होते. कोणी बसलं नव्हतं.

“ते… कोण आहेत?” मी हळूच विचारलं.

“उशिरा निघालेले.” नर्सचं लक्ष विनीच्या छातीवर होतं. “कोणी सोमवारची वाट बघत होतं, कोणी पगाराची. कोणी दारापर्यंत येऊन परत फिरलं.”

“आणि तुम्ही त्यांना…”

“इथून त्यांना कोणी घालवून देत नाही. एवढं तरी असावं ना माणसाला.” मग ती माझ्याकडे वळली. “ऐक.”

मी कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. मग कळलं. बिजागरी थांबली होती. विनी नुसता श्वास घेत होती. साधा, बिनआवाजाचा, झोपेत घेते तसा. तिने मास्क ढकलला, माझ्याकडे बघितलं आणि रागाने भोकाड पसरलं.

तेवढं सुंदर रडणं मी कधी ऐकलेलं नाही. मीही रडले. नर्स म्हणाली, “दोघी एकदम नको गं, मला एकीलाच गप्प करता येतं.”

तिने सांगितलं, आता सूज उतरेल, पण पुढे जाऊन दाखव, कारण हे औषध फार वेळ टिकत नाही. रस्ता मोकळा झालाय. मी विनीला परत गुंडाळायला लागले. तिचा एक हात उघडा होता.

“मोजा पडला वाटतं कुठे.”

नर्सचा चेहरा बदलला. तिने दार ढकललं.

लाल खुर्चीवर पिवळा हातमोजा होता. पडल्यासारखा नव्हता, कोणीतरी नीट, मधोमध ठेवला होता. रुमालवालीने माझी नजर टाळली. मोज्यावर बर्फाचा थर होता.

“उचल तो,” नर्स म्हणाली. “इथं काही ठेवून जायचं नाही. लवकर… उचल.”

मी हात पुढे केला. माझी बोटं लागायच्या आत त्या बर्फाचा एक कोपरा ओला झाला आणि एक थेंब जमिनीवर पडला. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. म्हणजे मला तसं वाटलं. त्यांच्याकडे सोडायला काय होतं, कोण जाणे. मग ते एकेक करून खाली बसले.

मी मोजा खिशात कोंबला आणि दाराकडे धावले. मागून एल्डन म्हणाला, “मार्नी, आर्डिसला सांग, बंबाचं ती बरोबर बोलली होती.”

मी मागे वळले नाही.

पूर्वेच्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने विनीला तपासलं. तिला क्रूप झाला होता, म्हणजे श्वासनळीच्या तोंडाशी सूज. तो म्हणाला, “औषध कुठे मिळालं हिला? दिलं नसतं तर एवढ्या लांब…” मग माझा चेहरा बघून त्याने वाक्य तिथेच सोडलं. “वाटेत,” मी म्हणाले. काही वेळाने क्लेटन आला, अंगावर धान्याची धूळ तशीच. त्याने विनीला उचललं, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि कितीतरी वेळाने म्हणाला, “बीट नव्हतं.” आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. तिथल्या नर्सने दार लावून घेतलं.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ‘हं’ म्हणून ऐकलं, नवरे ऐकतात तसं. पण दुसऱ्या दिवशी तो एकटाच गाडी घेऊन बाहेर गेला. परत आला आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात बसला.

“दाराला फळ्या ठोकल्यात,” तो म्हणाला. “वीज तोडलेली आहे. रस्त्यावर पाटी नाही, नुसता खांब आहे.”

“म्हणजे मी गाडीतच बसून होते. भास झाला मला.”

“तुझ्या बुटांचे ठसे फळ्यांपर्यंत गेलेत, मार्नी. आणि फळ्यांपासूनच परत आलेत.”

आर्डिसकडे शेवटी भांडं पोचलं तेव्हा मी तिला एल्डनचा निरोप दिला. फार हसेल, असं वाटलं होतं. ती खुर्ची ओढून खाली बसली.

“हे कोणी सांगितलं तुला?”

“का?”

“त्या शुक्रवारी मी त्याच्या दुकानात कोंबड्यांचा दाणा आणायला गेले होते. छाती चोळत होता मेला, आणि तोंड चालूच, ज्याचं त्याने बघावं, ज्याचं त्याने बघावं. मी म्हटलं, एल्डन, तुझ्या गोठ्याला आग लागली तर बंब येतो ना? तो काय तुझं कार्ड बघून येतो? तर म्हणे, बंबाची गोष्ट वेगळी.” तिने भांड्याच्या बुडावरची चिकटपट्टी नखाने खरवडली. “दुकानात आम्ही दोघंच होतो.”

त्यानंतर तिने मला बीटवरून कधी चिडवलं नाही. उलट मलाच बजावलं, “पुढच्या वेळी जवळचं. कार्ड गेलं खड्ड्यात.” जिल्ह्याच्या बैठकीत ते बंद पडलेलं हॉस्पिटल परत उघडा म्हणून उभी राहते ती, आणि बंबाचं उदाहरण देते. टाळ्या पडतात. अजून उघडलेलं नाही.

विनी ठणठणीत आहे. हे मी रोज स्वतःला सांगते आणि रोज ते खरं असतं. असं सुख माझ्यासारख्या बाईला सहसा मिळत नाही.

हे इथेच संपवलं असतं. पण मे महिन्याच्या शेवटी, गहू पिवळा पडायला लागला होता, तेव्हा मी आणि आर्डिस त्या बाजूने येत होतो. विनी मागे गाणं म्हणत होती, माझ्याच सुरात. मी गाडी थांबवली. दाराला फळ्या आहेत, पण बसायच्या खोलीच्या खिडकीला अजून काच आहे. ऊन पाठीला चटके देत होतं. मी हाताची ओंजळ करून काचेला डोळे लावले.

सगळ्या खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावलेल्या. जाळी, धूळ. फक्त लहान लाल खुर्ची खाली होती, दाराकडे तोंड करून. तिच्यावर हातमोजा होता.

मग नीट बघितलं. निळा होता. आमचा नव्हता. खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. अगदी पोटातून.

आर्डिसने शेजारी येऊन काचेला नाक लावलं. “माझा टाका आहे तो,” ती हळूच म्हणाली.

“निळे कोणाला विणून दिलेस?”

“चर्चमधल्या पोरांना.”

“कोणाकोणाला, आर्डिस?”

“यंदा निळीच लोकर आणली होती गं…” ती काचेपासून हलली नाही. “सगळ्यांनाच.”

मोज्यावर बर्फ होता. आम्ही दोघी काचेला चिकटून बघत राहिलो. काचेवर आमच्याच श्वासाची वाफ धरायची, ती मी बाहीने पुसायची. मागे गाडीत विनी गात होती.

मग बर्फाचा एक कोपरा ओला झाला आणि एक थेंब जमिनीवर पडला.

“अजून वेळ आहे,” मी म्हणाले, आणि आम्ही दोघी गाडीकडे पळालो. आर्डिसने पहिला फोन लावलाही होता.